पाळण्यातली ऊब

गेल्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना त्या सकाळचे वर्णन करून सांगावयास नकोच. अकरा वाजत आले तरी धुके हटले नव्हते. गल्लीच्या तोंडाशी असलेला दूधवाला नुसता आवाजावरून ओळखावा लागत होता, आणि नळाखाली हात धरला की बोटे आपली की परक्याची हे कळेनासे होत होते. अशा वेळी पूर्वी माझ्याकडे गाणे शिकलेली एक मुलगी सासूबाईंना घेऊन दारात उभी राहिली. तिच्या हातात एक भलेमोठे बोचके होते. बोचके म्हणतो याचे कारण, त्यात मूल आहे हे तिने सांगितल्यावर मला कळले.

बाळाला दीड महिन्याची लस टोचून दोघी परत निघाल्या होत्या. वाटेत 'मास्तरांच्या पायांवर घालून जाऊ' म्हणून थांबल्या. बोचके सोडायला सुरुवात झाली. वर लोकरीची शाल, तिच्याखाली गोधडी, गोधडीच्या आत ब्लँकेट, मग कुंची, कुंचीच्या आत टोपडे, अंगात एकावर एक दोन स्वेटर आणि सर्वांत आत झबले. आठवा कपडा दिसला तेव्हा कुठे बाळ सापडले. चेहरा टोमॅटोसारखा लाल. मानेमागचे जावळ घामाने चिकटलेले. आणि आजी म्हणत होत्या, "बघा ना मास्तर, सूनबाई म्हणते कपडे काढा. या थंडीत? तुम्हीच चार शब्द सांगा हिला."

मी संगीत शिकवणारा माणूस. तंबोरा उतरला की चढला एवढे मला सांगता येते. मूल उतरले की चढले हे सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा. तरी त्या दिवशी मी चार शब्द सांगितले, कारण या एका विषयात आमच्या घराने फार मोठी फी भरलेली आहे. तेच आज या पानावर जरा सविस्तर सांगावे असे वाटते. वाचकांपैकी ज्यांच्या घरी या हिवाळ्यात पाळणा हलतो आहे, त्यांनी हे वाचून सोडून देऊ नये अशी विनंती.

माझे वडील दरबारात तबलजी होते. अठराव्या वर्षी त्यांना शिंदे सरकारच्या दरबारात जागा मिळाली आणि तीन वर्षांत, १९४८ साली, संस्थान मध्य भारतात विलीन झाले. म्हणजे दरबारी नोकरी जेमतेम तीन वर्षांची. पण लष्करातल्या लोकांनी त्यांना अखेरपर्यंत 'दरबारी तबलजी' म्हणूनच ओळखले, आणि त्यांनीही कोणाचा गैरसमज दूर करण्याची तसदी घेतली नाही. लग्न त्यांनी फार उशिरा केले. मी त्यांना बावन्नाव्या वर्षी झालो. माझ्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. तिचे बारसे झाले नाही, म्हणून तिला नाव नाही. आई तिला 'ती पहिली' म्हणत असे.

ती पहिली जानेवारीतच जन्मली, घरीच, दिवस पुरे होण्याच्या तीन आठवडे आधी. अंगाने लहान होती. जन्मल्याबरोबर, त्या काळच्या रीतीप्रमाणे, तिला न्हाऊ घातले. डोक्यावरून पाणी घेतले. पुसले असेल, पण ओले जावळ वाळेपर्यंत कोण थांबणार? आईला रक्तस्राव होत होता, सर्वांचे लक्ष तिकडे. शेगडी आईच्या बाजेखाली ठेवली होती, आणि बाळ पलीकडे भिंतीजवळ, सुपात, जुन्या लुगड्याच्या घडीवर. दुसऱ्या दिवशी ती रडली नाही. दूध ओढेना. पावले गार लागत होती. आत्याबाई म्हणाल्या, "किती शांत पोर आहे हो, त्रास म्हणून नाही." तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

ही हकीकत आईने मला एकदाच सांगितली, पण 'शांत पोर' हे शब्द तिने ज्या तऱ्हेने उच्चारले ते मी विसरू शकत नाही. ते मूल शांत नव्हते, गारठलेले होते. गारठलेले मूल रडून तक्रार करीत नाही. रडायलाही अंगात ऊब लागते. आमच्या घरात हे कोणाला ठाऊक नव्हते. त्या काळी बहुतेक घरांत ठाऊक नसे, म्हणून मी कोणालाही दोष देत नाही.

आता यामागचे कारण पाहू. नऊ महिने मूल आईच्या पोटात ३७ अंशांच्या आसपास ऊब घेऊन राहिलेले असते. बाहेर येते ते ओले. ओल्या अंगावरचे पाणी वाळताना अंगातली ऊब घेऊन जाते, हे आपण न्हाणीघरातून बाहेर येताना रोज अनुभवतो. शिवाय वजनाच्या मानाने बाळाच्या कातडीचा पसारा मोठा, म्हणजे चूल लहान आणि खिडक्या पुष्कळ, अशी त्या घराची बांधणी. त्यातही डोके शरीराच्या मानाने मोठे, तेव्हा उघड्या, ओल्या डोक्यातून बरीच ऊब जाते. थंडी वाजली की तुम्ही आम्ही कुडकुडतो आणि त्या कुडकुडण्याने उष्णता निर्माण होते. तान्ह्या बाळाला कुडकुडता येत नाही. निसर्गाने त्याच्या मानेभोवती आणि खांद्यांच्या मध्ये तपकिरी रंगाच्या चरबीचा थोडा साठा ठेवलेला असतो. तो जाळून ते ऊब मिळवते. पण दिवस न भरलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाजवळ हा साठा अगदी तुटपुंजा. तो संपला की ते गार पडू लागते. गार पडले की दूध ओढत नाही, दूध नाही म्हणून आणखी गार पडते, आणि हे चक्र आतून कोणाला थांबवता येत नाही.

तान्ह्या बाळाच्या अंगाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस, म्हणजे आपल्या नेहमीच्या थर्मामीटरवर ९७.७ ते ९९.५, असावे. त्याखाली गेले की मूल गारठू लागले असे समजावे. ३६ अंशांच्या खाली गेले तर ते मध्यम, आणि ३२ च्या खाली अत्यंत गंभीर. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ साली या एकाच विषयावर मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि तिच्यात दहा पायऱ्यांची एक साखळी सांगितली. बाळंतपणाची खोली गरम असावी, निदान २५ अंश. बाळाला लगेच कोरडे करावे. उघड्या अंगाने आईच्या छातीवर ठेवावे. दूध लवकर पाजावे. न्हाऊ घालण्याची घाई करू नये. साखळीतली एक कडी तुटली तरी बाळ गारठते. आमच्या घरात त्या दिवशी किती कड्या तुटल्या ते मोजण्याचे धाडस मला अद्याप झालेले नाही.

न्हाण्याबद्दल आणखी एक वाक्य लिहितो, कारण आजही आजीबाईंचा जीव त्यात अडकलेला असतो. पहिली अंघोळ निदान चोवीस तास पुढे ढकलावी, आणि रीतीसाठी अगदीच थांबवत नसेल तर सहा तास तरी थांबावे, असा त्याच संघटनेचा सल्ला आहे. जन्मताना बाळाच्या अंगावर जो पांढरा चिकट थर असतो तो मळ नव्हे, ते त्याचे पहिले वस्त्र आहे. ते घासून काढण्याची घाई कशाला?

आईच्या छातीवर ठेवण्याचा उपाय ऐकून पुष्कळांना तो फारच साधा वाटतो. त्याची कहाणी मोठी रंजक आहे. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे, त्याची राजधानी बोगोटा. तिथल्या एका मोठ्या प्रसूतिगृहात काचेच्या उबदार पेट्या कमी आणि कमी दिवसांची बाळे जास्त, अशी अडचण होती. एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळे. जंतुसंसर्ग वाढे, मुले दगावत. १९७८ च्या सुमारास एडगार रे आणि त्यांचे सहकारी हेक्टर मार्टिनेझ या डॉक्टरांनी आईलाच पेटी केले. बाळाला अंगावर फक्त लंगोट आणि टोपी घालून तिच्या छातीशी उभे बांधले, कांगारूचे पिल्लू पिशवीत असते तसे. बाळ गार झाले तर आईचे अंग त्याला ऊब देते, फार तापले तर ती ऊब ओढून घेते. पुढे हा प्रयोग जगभर गेला. २०२१ साली भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतातले रुग्णालय दिल्लीचे होते. एक ते पावणेदोन किलोच्या आसपास वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर असे छातीशी धरले, तर पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू शंभरात सुमारे सोळांवरून बारांवर आले. महागड्या यंत्राने जे साधले नाही ते पदराखालच्या जागेने साधले.

याच संदर्भात आपल्या मराठी मुलुखातले एक काम सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाचे तापमान पाहणे, गारठलेल्या बाळाला ऊब देणे, श्वास मोजणे, दूध पाजण्यास मदत करणे. रुग्णालय दूर, डॉक्टर दुर्मिळ. पण तिसऱ्या वर्षाअखेर त्या ३९ गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे निष्कर्ष लंडनच्या प्रख्यात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तीने घरी येऊन बाळ तपासण्याची जी पद्धत सुरू झाली तिचे मूळ या कामात आहे. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. तिच्या पिशवीत थर्मामीटर असतो. तिला दारातून 'सगळे ठीक आहे' म्हणून परत पाठवू नका. आमच्या घरी त्या दुसऱ्या दिवशी अशी एक बाई आली असती तर, असा विचार मनात येतोच.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग त्या आजींचे काय चुकले? आठ कपडे घातले, बरेच केले! इथेच माझी दुसरी हकीकत सांगावी लागते, आणि तिच्यात दोषी मी स्वतः आहे.

माझी मुलगी डिसेंबरात जन्मली. रुग्णालयातून घरी आली तेव्हा मला 'ती पहिली' आठवत होती. मी ठरवले, हिला थंडीची झुळूकसुद्धा लागू द्यायची नाही. खोलीच्या खिडक्या बंद केल्या, फटींत चिंध्या कोंबल्या, दाराखाली गोणपाट लावला. मुलीच्या अंगावर काय काय घातले ते आता सांगायलाही लाज वाटते. आणि खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ठेवली. रात्री दोनच्या सुमारास बायको उठली ती डोके धरून. मळमळते म्हणाली, उभी राहिली तर झोक गेला. मला वाटले, बाळंतिणीचा अशक्तपणा. तेवढ्यात वडील दारात आले. वय ऐंशीच्या पुढे, रात्री झोप कमी. त्यांनी दार उघडले, एक श्वास घेतला, आणि एक शब्द न बोलता काठीने खिडकीची झडप ढकलली. मग शेगडी उचलून अंगणात ठेवायला मला सांगितले. पाळण्याशी वाकून त्यांनी मुलीच्या मानेमागे तर्जनीची मागची बाजू लावली. ती भिजलेली, लाल, मलूल पडली होती. त्यांनी एकेक कपडा उतरवला आणि एवढेच म्हणाले, "पुडी पावसात उतरते तशी उन्हात फाटतेही रे."

आम्ही दोघींना त्याच रात्री रुग्णालयात नेले. त्या सुदैवाने बऱ्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितले ते असे. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि त्या झोपेतून काही माणसे उठत नाहीत. उत्तरेकडे दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. तेव्हा शेगडी, अंगीठी, कोळसा, लाकूड, काहीही असो, झोपण्याच्या बंद खोलीत ते असू नये. खोली गरम करायची असेल तर झोपण्याआधी करावी, मग शेगडी बाहेर काढावी आणि थोडी हवा खेळू द्यावी. बाळंतिणीच्या खोलीतल्या धुरीलाही हाच नियम. ओवा-शेपाचा सुगंध आपल्याला प्रिय असला तरी बाळाच्या छातीला धूर तो धूरच.

तो वायू बाजूला ठेवला तरी दुसरा धोका उरतोच, तो अति ऊब देण्याचा. पहिल्या महिन्यात, विशेषतः लहान बाळाला, थंडीचे भय मोठे. पुढच्या महिन्यांत, निरोगी, भरल्या अंगाच्या बाळाला, कोंडलेल्या उष्णतेचे भय तिच्या जोडीला येते. युरोप-अमेरिकेत, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये असे होत असे की, रात्री धडधाकट झोपवलेले मूल सकाळी पाळण्यात गेलेले सापडे, कारण कळत नसे. १९८० नंतरच्या दशकात त्याचा कसून शोध घेतला गेला तेव्हा काही गोष्टी पुन्हापुन्हा पुढे आल्या: बाळ पालथे झोपवलेले, डोक्यावर पांघरूण आलेले, अंगावर फार कपडे, आणि घरात धूम्रपान. १९९१ साली ब्रिटनमध्ये 'बाळाला उताणे झोपवा' ही मोहीम सुरू झाली आणि असे मृत्यू झपाट्याने खाली आले. अंग कपड्यांत गुंडाळलेले असताना बाळ आपली जास्तीची उष्णता तोंडावाटे आणि डोक्यावाटेच बाहेर टाकते. तेही आपण झाकले तर ती जाणार कोठून?

आता टोपड्याचा घोळ सोडवू. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत, आणि कमी वजनाच्या बाळाला डॉक्टर सांगतील तोवर, डोके झाकावे. पण बाळ भरल्या अंगाचे, दूध नीट पिणारे झाले आणि घरात, उबदार खोलीत झोपायचे असेल, तर टोपडे काढावे. कुंची बाहेर जाताना छान. झोपवताना मात्र ती अंगात नको, कारण तिचे बंद गळ्याशी असतात आणि टोक तोंडावर येते. रजईचेही तसेच. कापसाची जड रजई आपल्यासाठी. बाळ आईच्या रजईत झोपले की रात्रीतून ती त्याच्या नाकावर येते. त्यापेक्षा बाळ त्याच खोलीत, आईच्या हाताशी, पण वेगळ्या, सपाट, टणक गादीवर, उताणे झोपवावे. उशी, लोड, बाहुल्या पाळण्यात नकोत. पातळ पांघरुणाचे दोन थर बरे, म्हणजे एक काढता येतो. पांघरूण छातीपर्यंत, हातांच्या खालून घेऊन कडेला खोचलेले, आणि बाळाचे पाय पाळण्याच्या पायथ्याशी टेकतील असे त्याला ठेवावे, म्हणजे ते सरकत पांघरुणाखाली जात नाही. दुपट्यात गुंडाळायचे तर पाय दुमडता येतील इतके सैल गुंडाळावे, आणि बाळ कुशीवर वळू लागले की गुंडाळणे बंद करावे.

परदेशी पुस्तकांत बाळाची खोली १६ ते २० अंशांवर ठेवा असे लिहिलेले असते. ते वाचून आमच्या गावच्या माणसाला हसू येईल. जानेवारीत पहाटे चार-पाच अंश आणि मे महिन्यात दुपारी पंचेचाळीस, त्यावर लू! इथे खोलीचा आकडा आपल्या हातात थोडाच असतो? म्हणून आकड्यापेक्षा बाळ पाहावे. उन्हाळ्यात एक मलमलीचे झबले पुष्कळ, फार उकडत असेल तर लंगोट पुरे. पंखा चालेल. कूलरचा झोत सरळ अंगावर नको, आणि खोलीला वाळ्याची टट्टी असली तरी खिडकी थोडी उघडी हवी. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचे पाणी द्यावयाचे नाही. तहान भागवण्यासाठी आईने पुन्हापुन्हा छातीशी घ्यावे आणि स्वतः भरपूर पाणी प्यावे.

बाळ कसे पाहावे ते आता सांगतो. आमच्या वडिलांनी पुडीवर बोट ठेवून ऋतू ओळखावा, तसे हे आहे. हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला लावा आणि मग पावलाला. पोट ऊबदार, पाऊलही ऊबदार आणि गुलाबी, तर बाळ सुरात आहे. पोट ऊबदार पण पाऊल गार, तर त्याला थंडी वाजू लागली आहे. एक थर वाढवा किंवा छातीशी घ्या, दूध पाजा, आणि थोड्या वेळाने पुन्हा पाहा. पोट आणि पाऊल दोन्ही गार, तर ते गारठले आहे. कपडे सैल करून उघड्या अंगाने आईच्या किंवा बापाच्या छातीवर घ्या, वरून पांघरा आणि तसेच छातीशी धरून डॉक्टरांकडे न्या. उलट, मानेमागे किंवा छातीवर घाम, चेहरा लाल, श्वास भरभर, तर कपडे कमी करा. फक्त हाताचे पंजे पाहून ठरवू नका, ते पुष्कळ वेळा थोडे गार असतातच. शंका आली तर काखेत थर्मामीटर लावा. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ किंवा त्याहून अधिक भरले, तर 'कपड्यांमुळे असेल' म्हणून वाट पाहत बसू नका, कपडे कमी करा आणि डॉक्टर गाठा. आणि दूध न ओढणारे, हलवले तरी जागे न होणारे मूल 'शांत' आहे असे कोणी म्हणाले तर त्यांचे ऐकू नका.

हे सारे मी त्या सकाळी सांगितले असे नव्हे. त्या दिवशी मी फक्त आजींचा हात हातात घेतला आणि त्यांचे बोट नातवाच्या मानेमागे ठेवले. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग त्यांनीच शाल बाजूला केली, गोधडी काढली, ब्लँकेट काढले, कुंचीचे बंद सोडले. एक स्वेटर उतरला तेव्हा बाळाने डोळे उघडले. दुसरा स्वेटर मी राहू दिला. बाहेर धुके होतेच आणि त्यांना रस्त्याने घरी जायचे होते. आजी म्हणाल्या, "अहो, मला काय वाटले, जितकी माया तितके कपडे." सूनबाई हसली नाही, याबद्दल मला तिचे कौतुक वाटले. निघताना तिने कुंची बाळाला पुन्हा घातली, पण तोंड मोकळे ठेवून, आणि घरी गेल्यावर उतरवीन असे सासूबाईंना सांगितले. सासूबाईंनी मान डोलावली.

त्या काळजीत आमचे घर फार वर्षे राहिले आहे, म्हणून मला आजींचा राग आला नाही. गारठलेल्या लेकराची आठवण ज्या घरात असते ते घर पांघरूण घालताना हात आखडत नाही. मी नव्हता आखडला. आता माझी मुलगी मोठी झाली, तिला स्वतःचे पांघरूण स्वतः घेता-काढता येते. तरी थंडीत मध्यरात्री जाग आली की मी तिच्या खोलीत जातो आणि मानेमागे बोट लावून पाहतो. ती झोपेतच माझा हात झटकते आणि कूस बदलते. मग मी खिडकीची फट तेवढी उघडी आहे ना ते पाहून परत येतो.